आळीपाळीने मूल सांभाळणाऱ्या भगिनींचे वेळापत्रक

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असलेली कुटुंबे गेल्या दोन पिढ्यांत पुष्कळ वाढली आहेत. कुणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणीत आहे, कुणी दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात, कुणी भद्रावतीच्या आयुध निर्माणीत, कुणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात. कित्येक भगिनी एटापल्ली, भामरागड, सिरोंचा अशा दूरच्या तालुक्यांत परिचारिका, शिक्षिका, वनरक्षक म्हणून काम करतात. शिक्षणामुळे ही नोकरी मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नोकरीबरोबर एक अडचणही घरात आली. आजी-आजोबा गावी राहतात, आई-वडील पाळीवर जातात आणि घरात सहा-आठ महिन्यांचे लेकरू असते. मग गावाकडून एखादी बाई आणली जाते. ती रात्रंदिवस घरातच राहते व मूल सांभाळते. तिला आपण प्रेमाने ‘मावशी’ म्हणतो.

मावशी म्हटले तरी ती कामावर आलेली बाई आहे, हे विसरून चालत नाही. एकच बाई महिनोन्महिने चोवीस तास घरात ठेवली की ती थकते, आजारी पडते आणि शेवटी एके दिवशी गावी जाते ती परत येत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन बाया आळीपाळीने ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. एक मुक्कामाला असते तेव्हा दुसरी आपल्या घरी असते. लंडनमध्ये व आखाती देशांतील धनिकांच्या घरी ही पद्धत बरीच रुळली असून तेथे अशा बाईस ‘रोटा नॅनी’ असे नाव आहे. आपल्याकडे नाव नसले तरी व्यवहार तोच आहे. परंतु मुक्काम किती दिवसांचा असावा, बदली कधी व्हावी, रात्र कुणाची, पगार कसा, याचा विचार बहुधा कुणी आधी करीत नाही. प्रस्तुत लेखात हा विचार क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

कामाचे तास ही मूळ बाब

आपल्या समाजाला तासांची गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. मुंबई इलाख्यातील महार वतनात नोकरीचे तासच ठरलेले नव्हते. बोलावणे येईल तेव्हा, रात्री असो वा दिवसा, हजर व्हावे लागे आणि एकटा वतनदार नव्हे तर त्याचे घरचेही राबत. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे ही अमर्याद चाकरी होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ तासांवर आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हीच मर्यादा कायम ठेवली आणि आठवड्याची सुट्टी व जादा कामास दुप्पट दर हेही दिले.

खाणीतला कामगार आठ तासांची पाळी संपल्यावर भोंगा होताच बाहेर येतो. घरातल्या बाईला भोंगा नाही. तिच्या कामाला संरक्षण देणारे नियम फार उशिरा आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्यातून सलग किमान २४ तास विश्रांती द्यावी असे म्हटले आहे. विश्रांतीच्या काळात तिने घरातच थांबावे अशी सक्ती करता येत नाही. आणि बाई झोपलेली असली तरी हाक आल्यास उठण्यासाठी तिला थांबवून ठेवले असेल, तर तो वेळही देशाच्या कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात कामाचा वेळ धरावा असेही त्यात आहे. भारताने या कराराचे अनुसमर्थन केलेले नाही. तरी न्याय्य काय आहे ते कळण्यास या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकांशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांचा आशय असा की, शक्ती पाहून काम नेमून द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरातल्या विशेष पदार्थांत वाटा द्यावा आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. पहिले व शेवटचे कर्तव्य पाहिले तर वेळापत्रकाचा सारा विषय त्यात आलेला आहे.

पहिली पायरी : घराची गरज मोजा

आठवड्याचे एकूण तास १६८. एका बाईचे काम ४८ तासांवर नेऊ नये असे धरले, तर एकच बाई असताना १२० तास पालकांना स्वतः पाहावे लागतील. दोन बाया असल्या तर ९६ तास भागतात व ७२ उरतात. तीन असल्या तर १४४ तास भागतात व २४ उरतात. म्हणजे तीन बाया असूनही आई-वडिलांचा एक पूर्ण दिवस लेकराजवळ जातोच, आणि तो जायलाच हवा.

परंतु १६८ तास बाईची गरज कोणत्याच घराला नसते. समजा, आई रुग्णालयात परिचारिका आहे व वडील खाणीत आहेत. दोघांचे आठवड्याला सहा दिवस काम, आठ तासांची पाळी व जाण्या-येण्याचे दोन तास. म्हणजे प्रत्येक जण आठवड्यात ६० तास घराबाहेर. दोघांची पाळी एकच असेल तर बाळ ६० तास पालकांविना राहील. पाळ्या वेगवेगळ्या असतील तर हा आकडा पुष्कळ कमी होईल. मात्र रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी. सात तासांप्रमाणे सहा दिवसांचे ४२ तास होतात. त्या वेळी दुसरा पालक घरी नसेल, तर तेही गरजेत धरावे लागतात.

म्हणून प्रथम दोघांच्या पाळ्यांचे चार आठवड्यांचे पत्रक कागदावर आखावे. आठवडे आडवे, तास उभे. दोघेही घरी नाहीत किंवा एक झोपेत व दुसरा बाहेर आहे, तेवढ्या चौकटी रंगवाव्यात. रंगवलेल्या चौकटी म्हणजे घराची खरी गरज. शक्य असल्यास वरिष्ठांना विनंती करून दोघांनी उलट पाळ्या मागून घ्याव्यात. तेवढ्याने बाईचे कितीतरी तास वाचतात.

दुसरी पायरी : मुक्कामाचे प्रकार

दोन बायांमध्ये चौदा दिवस समान वाटण्याचे चार प्रकार प्रचारात आहेत.

(१) सात-सात. एक बाई सात दिवस मुक्कामी, नंतर सात दिवस घरी. चौदा दिवसांत बदली दोनदाच होते व प्रत्येकीची जाण्या-येण्याची एकच खेप होते. हिशेब सोपा व एस.टी.चे भाडे कमी.

(२) चार-तीन. येथे पुष्कळांची गफलत होते. पहिल्या आठवड्यात एकीचे चार व दुसरीचे तीन दिवस झाले, म्हणून दुसऱ्या आठवड्यात क्रम उलटा केला, तर दुसरीचे तीन व चार मिळून सलग सात दिवस होतात. मग चार-तीनचा उपयोग काय? बरोबर क्रम असा : पहिली सोमवार ते गुरुवार, दुसरी शुक्रवार ते रविवार, पुन्हा पहिली सोमवार ते बुधवार, मग दुसरी गुरुवार ते रविवार. दोघींचे सात-सात दिवस भरतात व मुक्काम चारपेक्षा लांबत नाही. मात्र रविवार कायम दुसरीकडेच येतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल करावी आणि त्या वेळी मधला एक दिवस पालकांनी रजा घेऊन सांभाळावा.

(३) दोन-दोन-तीन. पहिली सोमवार-मंगळवार, दुसरी बुधवार-गुरुवार, पहिली शुक्रवार ते रविवार. पुढच्या आठवड्यात बरोबर उलट. प्रत्येकीला एकाआड एक शुक्रवार ते रविवार मोकळा मिळतो. बाळापासून कुणीही तीन दिवसांहून जास्त दूर राहत नाही. परंतु चौदा दिवसांत सहा बदल्या होतात व प्रत्येकीच्या तीन खेपा. गावातच राहणाऱ्या बायांनाच हे झेपते.

(४) चौदा-चौदा. फार दूरच्या गावच्या बायांसाठी. यात मुक्कामाच्या मध्यावर सलग २४ तासांची पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. त्या दिवशी मूल पालकांकडे.

यांतून निवड करताना चार प्रश्न विचारावेत.

पहिला, बाईचे घर किती दूर आहे? भामरागडहून चंद्रपूरला यायचे तर पूर्ण दिवस प्रवासात जातो. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी तिने हा प्रवास करावा हे वेडेपणाचे आहे. तिच्यासाठी सात-सात किंवा चौदा-चौदा. मूल, सावली, राजुरा येथून येणारीसाठी चार-तीन चांगले. प्रवासाचे भाडे घराने द्यावे, म्हणजे स्वस्त पडते म्हणून लांब मुक्काम लादण्याचा मोह आपल्यालाच आकड्यांत दिसतो.

दुसरा, बाळाचे वय काय? पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध हवे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली ती उपयोगी पडते. साधारण आठव्या महिन्यापासून बाळ माणूस ओळखू लागते व अनोळखी चेहरा पाहून रडते. या वयात चौदा दिवस न दिसलेली बाई त्याला परकीच वाटते. म्हणून आठ महिने ते दीड-दोन वर्षांपर्यंत मुक्काम लहान ठेवावेत व माणसे बदलू नयेत.

तिसरा, रात्र कुणाची? समजा मुक्कामातील बाईचे दिवसाचे काम १० तासांचे आहे. सात दिवसांचे ७० तास झाले. पुढचा आठवडा सुट्टीचा, म्हणून सरासरी ३५ पडली. वरवर हे ठीक दिसते. पण बाळ रात्री उठते व तिला रोज तीन तास जागावे लागते, तर दिवसाचे १३ व सात दिवसांचे ९१ तास होतात. सरासरी ४५.५, म्हणजे ४८ च्या आतच! तरीही पाचव्या-सहाव्या दिवशी ती बाई उभ्यानेच डुलक्या घेईल आणि तिच्या हातात आपले लेकरू असेल. सरासरीने हिशेब जुळतो, झोप जुळत नाही. म्हणून नियम असा करावा : सात दिवसांच्या मुक्कामात रात्र पालकांची. रात्र बाईकडे द्यावयाची असल्यास मुक्काम तीन-चार दिवसांचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सलग झोप.

चौथा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. तिचे स्वतःचे लेकरू कुणाजवळ आहे? तिची मुले शाळेत जात असतील, सासू म्हातारी असेल, तर सात दिवस ती मनाने आपल्या घरी नसतेच. अशा बाईला कोणता मुक्काम चालेल हे तिलाच विचारावे. वेळापत्रक मालकाने एकट्याने ठरवायचे नसते, दोघी बायांना समोर बसवून तिघांच्या संमतीने ठरवायचे असते.

तिसरी पायरी : हंगाम आणि पूर

शहरातील पुस्तकी वेळापत्रक आपल्या जंगलभागात टिकत नाही, कारण येथील बाईचे वर्ष वेगळे असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, ऑक्टोबरनंतर धान कापणी. काही गावांतून जानेवारीनंतर बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. तेंदूचे थोडेच दिवस असतात, पण त्यांत हाती येणारा पैसा मोठा आधार असतो. ‘त्या दिवसांत सुट्टी नाही’ असे म्हटले, तर ती काम सोडून जाईल. त्यापेक्षा करार करतानाच हे दिवस लिहून ठेवावेत व त्या पंधरवड्यात पालकांनी रजा वाटून घ्याव्यात.

दोघी बाया एकाच गावच्या असाव्यात काय? बहिणी-बहिणी किंवा नणंद-भावजय असल्या तर परस्पर विश्वास असतो, एकीचे निरोप दुसरीला कळतात. परंतु गावात लग्न निघाले, मयत झाली, रोवणी लागली की दोघी एकदमच जातात. म्हणून शक्यतो एक धानाच्या पट्ट्यातील, म्हणजे सिंदेवाही-नागभीड-आरमोरीकडील, व दुसरी कापसाच्या पट्ट्यातील, म्हणजे वरोरा-राजुराकडील असावी. दोघींचे हंगाम व रस्ते वेगळे असतात.

रस्त्याचा विचार पावसाळ्यात अत्यंत अगत्याचा आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या फुगल्या की दोन्ही जिल्ह्यांतील अनेक मार्ग अडतात. बदलीची बाई पलीकडे अडकली म्हणजे अलीकडची बाई आपल्याच घरात अडकते. ‘दुसरी आल्याशिवाय जायचे नाही’ असा नियम पुष्कळ घरांत असतो. पुराचे सारे ओझे तो मुक्कामातल्या बाईवर टाकतो. योग्य नियम असा असावा : तिच्या संमतीने फार तर एक दिवस जादा, त्याचा दर दुप्पट, आणि त्यानंतर पालकांपैकी एकाने रजा घ्यावी. यासाठी जुलै ते सप्टेंबरकरिता काही किरकोळ रजा राखून ठेवाव्यात.

चौथी पायरी : चार्ज देणे-घेणे

बँकेत रोकड दोघांच्या ताब्यात असते. किल्ली देणारा व घेणारा समोरासमोर उभे राहतात, रक्कम मोजली जाते, नोंदवहीत सह्या होतात, मगच पहिला मोकळा होतो. नोटांसाठी आपण एवढे करतो, तर लेकरासाठी अर्धा तास द्यावयास हरकत नसावी. बदलीच्या वेळी दोघी बाया अर्धा तास एकत्र असाव्यात. या अर्ध्या तासाचा पगार दोघींनाही मिळावा. एका वहीत शेवटचे खाणे, झोप, शी-शू, ताप, दिलेले औषध व त्याची वेळ एवढे लिहावे. लिहिता न येणाऱ्या बाईसाठी सूर्य, चंद्र, वाटी, बाटली अशा खुणा ठरवता येतात.

कमी शिकलेल्या बाईला हे जमेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी गडचिरोलीचाच दाखला पाहावा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने या जिल्ह्यातील ३९ गावांत थोड्याशा शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. घरोघरी ठरलेल्या दिवशी जाऊन नवजात बाळाची तपासणी व नोंद त्या करीत. नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिकवणी, नोंद व ठरलेले वेळापत्रक दिले तर आपल्या खेड्यातील स्त्री काय करू शकते, हे जगाने येथूनच पाहिले आहे. म्हणून बाळाने दूध सोडणे, श्वास जलद चालणे, सुस्त पडणे, अंग थंड लागणे ही धोक्याची लक्षणे दोघींनाही समजावून सांगावीत व डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर लावावा.

पगार, खोली आणि वय

पगार महिन्याचा ठरवावा व ठरलेल्या तारखेस द्यावा. केवळ समजण्यासाठी धरू की एका मुक्काम-दिवसाचे ६०० रुपये ठरले. पंधरा दिवसांचे ९,००० झाले. पुरामुळे एक दिवस जादा थांबली तर त्याचे १,२०० वेगळे. आधी कळवून घेतलेली सुट्टी व आजारपण यांना ‘खाडा’ धरून पैसे कापू नयेत. उचल दिली असेल तर ती वहीत लिहावी, तिच्यासमोर वाचावी आणि फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही अशी अट मुळीच घालू नये. तसे केले तर ती वेठच झाली.

मुक्कामी बाईला आतून कडी लागणारी जागा हवी. स्वयंपाकघरातील सतरंजी म्हणजे जागा नव्हे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात राहते घर व घरकामगार स्त्री यांचाही समावेश आहे आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे तिलाही माहीत असावे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. त्याखाली १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. ती करून देणे हे आपले काम समजावे.

वयाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘नात्यातलीच पोरगी आहे, बाळासोबत खेळते, जेवते-खाते’ असे म्हणून बारा-तेरा वर्षांची मुलगी गावाहून आणणारी घरे आपल्यातही आहेत. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास बंदी झाली व २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच कामांना लागू झाली. कायदा बाजूला ठेवला तरी, ती मुलगी शाळेतून उठली तर तिचे पुढचे सारे आयुष्य त्या पाळण्याजवळ थांबते. विद्यार्थी मित्रांनी आपल्या गावी असे घडताना दिसल्यास मुख्याध्यापकांना अवश्य सांगावे.

दोन बाया परवडत नाहीत, असे अनेक जण म्हणतील. ते खरेही आहे. अशा वेळी गरज लहान करावी, बाईचा दिवस लांब करू नये. एकाच वसाहतीतील दोन कुटुंबांनी मिळून दोन बाया ठेवाव्यात, एक आठवडा मुले एका क्वार्टरमध्ये व दुसरा आठवडा दुसऱ्यात. दोन मुले असल्याने दोन्ही घरांनी पगारात वाटा घ्यावा व बाईला थोडे जास्त द्यावे. किंवा दिवसाचे पाळणाघर व रात्री पालक, असाही मेळ बसतो.

आपल्यापैकी कित्येकांच्या आई व आज्या दुसऱ्यांच्या घरी राबल्या. त्यांना तास विचारण्याची सोय नव्हती. आज आपण पगार देणाऱ्यांच्या जागी आहोत. तेव्हा वाचकांना विनंती अशी की, येत्या पावसाळ्यापूर्वी चार आठवड्यांचे पत्रक आखावे, दोघी भगिनींना समोर बसवून ते वाचून दाखवावे, त्यांच्या सूचना घ्याव्यात आणि त्याची एक प्रत त्यांनाही द्यावी.